परदेशांतील दुखणें आणि त्याचें बिल

परदेशगमन ही आतां मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांत नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. एके काळीं विलायतेस निघालेल्या गृहस्थाला पोंचवावयास सारे आप्तइष्ट बंदरावर लोटत. आज पुण्याच्या कोथरुडांत, मुंबईच्या पार्ल्यांत किंवा नागपूरच्या धरमपेठेंत अशी इमारत क्वचितच सांपडेल, कीं जींतील एखादे आजी-आजोबा लेकीच्या बाळंतपणासाठीं किंवा नातवाच्या मुंजीसाठीं सातासमुद्रांपलीकडे जाऊन आलेले नाहींत. या प्रवासाची तयारी मोठ्या कसोशीनें होते. गोडा मसाला, मेतकूट, डिंकाचे लाडू यांचीं पुडकीं बांधलीं जातात. सामान चारचारदां वजन करून पाहिलें जातें. या गडबडींत एकच गोष्ट कोणी फारशी मनावर घेत नाहीं. ती ही कीं, तिकडे दुखणें आलें तर खर्च किती येईल, तो कोणी द्यावयाचा, आणि मागितलेला पैसा रास्त कीं गैर हें ओळखावयाचें कसें. मुलानें विम्याचा एक कागद घेऊन ठेवलेला असतो. तो कागद पासपोर्टाच्या पाकिटांत जातो, आणि बहुधा कोणीं वाचल्यावांचूनच परत येतो.

दुखणें आलेंच तर मागाहून बिल येतें, आणि तें पाहून घरांतील प्रत्येकाच्या तोंडीं एकच शब्द उमटतो : "लूट!" हा शब्द अगदींच खोटा असतो असें नव्हे, पण तो फार ढोबळ आहे. परक्या प्रवाशाकडून जो जादा पैसा घेतला जातो, तो सर्वत्र एकाच कारणानें घेतला जात नाहीं. कोठें तो कायद्यानें उघड ठरविलेला दर असतो, कोठें ती निव्वळ फसवणूक असते, आणि अमेरिकेसारख्या देशांत तर बिलावरचा आंकडा ही पुष्कळदां खरी किंमतच नसते. पहिल्या ठिकाणीं घासाघीस करणें व्यर्थ आणि दुसऱ्या ठिकाणीं गप्प बसणें घातक. तिसऱ्या ठिकाणीं मात्र घासाघीस न करणें हाच वेडेपणा ठरतो. हा भेद ध्यानांत नसल्यामुळें आपल्याकडील माणसें नेमकें उलटें वागतांना दिसतात.

प्रवासी इतका सहज सांपडतो याचें कारण त्याच्या स्थितींतच आहे. मंडईंत मेथीची जुडी महाग वाटली तर गिऱ्हाईक पुढच्या गाळ्यावर जातें. पोटांत कळ उठलेल्या माणसाला तें करतां येत नाहीं. गरजवंताला अक्कल नसते, असें म्हणतात तें खोटें नाहीं. त्याला गांवचा चालता दर ठाऊक नसतो, पुष्कळदां भाषाही येत नाहीं, परतीच्या तिकिटाची तारीख डोक्यावर असते, आणि हा मनुष्य पुन्हां आपल्या दारीं येणार नाहीं हें दवाखानेवाला पुरतें ओळखून असतो. नेहमींच्या गिऱ्हाइकाची मर्जी राखावी लागते. एकदांच येणाऱ्याची कोण राखतो? तीर्थक्षेत्रीं पंड्यांच्या तावडींत सांपडलेल्या यात्रेकरूची जी अवस्था, तीच ही. त्यांत आजच्या काळानें आणखी एक भर घातली आहे. पैसे देणारा तिसराच असतो. बिल विमा कंपनीकडे जाणार म्हणून रुग्ण तें पाहत नाहीं, आणि कंपनी हजारों मैलांवर असल्यामुळें तिला रुग्ण दिसत नाहीं. दोघांच्या मधल्या अंधारांत बिलाचें अंग भरत जातें.

उघड ठरविलेल्या जादा दराचें उदाहरण इंग्लंडचें. तेथील नॅशनल हेल्थ सर्व्हिस ही १९४८ सालीं सुरू झालेली सरकारी आरोग्यसेवा रहिवाशांच्या करांवर चालते. जो तेथला रहिवासी नाहीं, त्याला इस्पितळांतील बहुतेक उपचारांचे पैसे पडतात, आणि तेही ठरीव दराच्या दीडपट, म्हणजे १५० टक्के. तातडीच्या विभागांत केलेले उपचार सर्वांना मोफत असतात. परंतु तेथून वॉर्डांत दाखल केलें, कीं मोजणी सुरू होते. २०१७ सालापासून तातडीचे नसलेले उपचार करण्यापूर्वींच पैसे भरून घेण्याचा नियम आहे, आणि ५०० पौंडांची थकबाकी पुढील व्हिसाच्या आड येऊं शकते. थायलंडनेंही २०१९ सालीं सरकारी इस्पितळांसाठीं परदेशीयांचे वर्ग पाडून निरनिराळे दर जाहीर केले. शेजारच्या देशांतील माणसाला एक, तेथें नोकरी करणाऱ्याला दुसरा, आणि हौसेनें आलेल्या पर्यटकाला तिसरा. याबद्दल रागावण्यांत अर्थ नाहीं. ज्यानें कर भरला नाहीं त्यानें पुरती किंमत द्यावी, प्रसंगीं थोडी अधिकही द्यावी, हा विचार कडक असला तरी अन्यायाचा नव्हे. शिवाय दर आधीं छापलेला असतो. येथें विमा हाच उपाय. फ्रान्स, जर्मनी, इटली आदि शेंगेन देशांनीं तर ही गोष्ट प्रवाशाच्या मर्जीवर ठेवलीच नाहीं. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखविल्याशिवाय आपल्याकडील माणसाला ते अल्पमुदतीचा व्हिसाच देत नाहींत.

फसवणुकीचा प्रकार निराळा, आणि तो पाहावयास फार दूर जावयास नको. एव्हरेस्टच्या पायथ्यापर्यंतची पदयात्रा हल्लीं पुण्यामुंबईच्या तरुणांतच नव्हे, तर पन्नाशी उलटलेल्या गृहस्थांतही आवडीची झाली आहे. लुक्ला येथें विमानानें उतरावयाचें, ३,४४० मीटर उंचीवरील नामचे बाजार येथें एखादा मुक्काम अधिक करावयाचा, आणि हळूहळू चढत ५,३६४ मीटरांवरील तळ गांठावयाचा, असा क्रम असतो. इतक्या उंचीवर डोकें दुखणें, मळमळणें, झोंप न लागणें या गोष्टी अनेकांना होतात. २०१८ सालीं या साध्या दुखण्यावर उभारलेला एक मोठा व्यापार उजेडांत आला. कांहीं पदयात्रा-कंपन्या, हेलिकॉप्टरवाले आणि काठमांडूंतील कांहीं इस्पितळें यांचें संगनमत होतें. वाटाड्यानें किरकोळ डोकेदुखीचाही बाऊ करावयाचा, प्रवाशाला घाबरवून हेलिकॉप्टरांत बसवावयाचें, इस्पितळानें नको त्या तपासण्या करून त्याला ठेवून घ्यावयाचें, आणि बिल विमा कंपनीला लावून मिळालेल्या पैशांत सर्वांनीं वांटणी करावयाची, अशी ही रीत. एकाच फेरींत तीनचार प्रवासी आणून प्रत्येकाच्या कंपनीकडून पुऱ्या फेरीचे पैसे घेतल्याचीं उदाहरणें निघालीं. प्रवाशाला जुलाब व्हावे म्हणून त्याच्या अन्नांत खाण्याचा सोडा मिसळल्याचेही आरोप झाले. त्या वर्षाच्या पहिल्या पांच महिन्यांत अशा तेराशेंहून अधिक उड्डाणांपायीं विमा कंपन्यांवर पासष्ट लाख डॉलरांहून अधिक बोजा पडल्याचें वृत्त तेव्हां प्रसिद्ध झालें होतें. परदेशी कंपन्यांनीं नेपाळचा विमाच बंद करण्याची धमकी दिली, तेव्हां सरकारनें चौकशी नेमून नियम कडक केले.

या प्रकरणाचें मूळ पाहण्यासारखें आहे. ज्या कंपनीची पदयात्रा इतरांहून निम्म्या दरांत मिळते, ती कंपनी तोटा सोसून धर्मादाय करीत नसते. तिची भरपाई हेलिकॉप्टरच्या दलालींतून व्हावयाची असते. म्हणून स्वस्ताई पाहून भाळणाऱ्या प्रवाशानें आपलें दुखणें आधींच विकलेलें असतें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. उंचीमुळें डोकें दुखूं लागलें, तर पुढें न चढतां तेथेंच एक दिवस विश्रांति घेणें, आणि न राहवल्यास कांहींशें मीटर खालीं उतरणें, हा बिनखर्ची उपाय प्रथम करावयाचा असतो. परंतु बसल्या जागींही धाप लागणें, पाऊल सरळ न पडणें, बोलण्यांत भ्रम होणें, हीं लक्षणें दिसलीं तर मात्र क्षणाचाही विचार न करतां खालीं नेलेंच पाहिजे. तेथें हेलिकॉप्टरचा खर्च हा खर्चच नव्हे. दोहोंतील फरक वाटाड्याकडून नव्हे, तर घरून निघण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांकडून समजून घ्यावा. विमा कंपनीच्या मदत-केंद्राचा क्रमांक खिशांत असावा, आणि हेलिकॉप्टर बोलावण्यापूर्वीं शुद्धींत असलेल्या प्रवाशानें तेथें स्वतः बोलावें. ज्यांना लबाडी करावयाची असते त्यांना हा एक दूरध्वनि फार जड जातो.

असाच अनुभव समुद्रकिनाऱ्यावरील विलासस्थानींही येतो. अमेरिकेंत स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबें सुटींत मेक्सिकोमधील कानकुन येथें जातात. त्या भागांतील कांहीं खाजगी इस्पितळें अवाच्या सवा रकमा मागतात आणि पैसे चुकते होईपर्यंत रुग्णाला सोडीत नाहींत, अशा तक्रारींवरून खुद्द अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानें आपल्या नागरिकांना सावध केलें आहे. हॉटेलनें बोलावलेला डॉक्टर हा हॉटेलच्या सोयीचा असतो, रुग्णाच्या सोयीचा असेलच असें नाहीं. पासपोर्ट कोणत्याही दवाखान्याच्या हवालीं करूं नये. त्याची नक्कल द्यावी.

आतां खुद्द अमेरिका. आपल्याकडील आईबाप सर्वांत अधिक जातात तें तेथें, आणि महिनोन् महिने राहतात. परंतु शेंगेन देशांप्रमाणें व्हिसा देतांना तो देश विम्याचा कागद मागत नाहीं. तेथील इस्पितळांत लबाडी फार आहे असें नव्हे. गोम तेथील किंमत ठरविण्याच्या पद्धतींत आहे. प्रत्येक इस्पितळापाशीं "चार्जमास्टर" नांवाचें एक अवाढव्य दरपत्रक असतें. सुईपासून शस्त्रक्रियेपर्यंत हजारों बाबींचे दर त्यांत लिहिलेले असतात. आश्चर्य हें, कीं ते दर देणारा जवळजवळ कोणीच नसतो. ६५ वर्षांवरील नागरिकांसाठीं १९६५ सालच्या कायद्यानें निघालेली मेडिकेअर ही सरकारी योजना आपले दर स्वतः ठरविते. खाजगी विमा कंपन्या इस्पितळांशीं वाटाघाट करून आपले दर वेगळे ठरवितात. रँड या संशोधन संस्थेच्या पाहणीप्रमाणें २०२२ सालीं मेडिकेअर ज्या कामाचे १०० डॉलर देत होती, त्याच कामाचे खाजगी विमा असणाऱ्यांकडून सरासरीनें २५४ डॉलर मिळत होते. आणि चार्जमास्टरचा दर बहुधा याहूनही वर असतो. सेल लावण्याआधीं कापडवाला जशी चिठ्ठीवर किंमत चढवून ठेवतो, तशांतलाच हा प्रकार. सूट मोठी दिसावी म्हणून मूळ आंकडा मोठा. मात्र ज्याच्या पाठीशीं सरकार नाहीं आणि विमा कंपनीही नाहीं, अशा माणसाच्या हातीं तो मूळ आंकडा जसाच्या तसा पडतो. पुण्याहून आलेला पाहुणा हा नेमका तो माणूस.

स्टीव्हन ब्रिल या पत्रकारानें २०१३ सालीं टाइम साप्ताहिकांत या विषयावर एक दीर्घ लेख लिहून खळबळ उडवून दिली. त्यांतील एका बिलांत तापाच्या साध्या गोळीला दीड डॉलर लावलेला होता. बाजारांत तेवढ्याच पैशांत शंभर गोळ्या मिळत होत्या. पुढें सरकारनें १ जानेवारी २०२१ पासून प्रत्येक इस्पितळाला आपले दर, विमा कंपन्यांशीं ठरलेले दर आणि रोखीनें पैसे देणाऱ्याचा सवलतीचा दर जाहीर करण्याची सक्ति केली. हा शेवटचा दर लक्षांत ठेवण्याजोगा आहे. तो मागितल्याशिवाय कोणी आपण होऊन सांगेल, ही अपेक्षा करूं नये.

बिल एकच येतें असेंही नाहीं. रुग्ण एका दारानें आंत जातो, पण खोलीचे व यंत्रांचे पैसे इस्पितळ मागतें, तपासणाऱ्या डॉक्टरांचें बिल वेगळें येतें, क्ष-किरणचित्र वाचणाऱ्या तज्ज्ञाचें वेगळें, आणि रुग्णवाहिकेचें तर आणखीच वेगळें. पहिलें बिल भरून सुटलों म्हणून पेढे वांटावे, तों दुसरें टपालांत येऊन पडतें. तातडीच्या विभागांतील भेटीच्या पांच पायऱ्या मानलेल्या आहेत. किरकोळ खरचटलें तर पहिली, जीवावर बेतलें तर पांचवी. पायरी जितकी वरची, तितका दर मोठा. साध्या तापाला चौथी पायरी लावलेली दिसली तर ती कां लावली असें विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

यासाठीं कोणत्या दारीं जावयाचें हें आधीं ठाऊक असावें. ताप, खोकला, मुरगळलेला पाय, लघवीची जळजळ, कापल्यावर दोनचार टांके, इतक्यासाठीं "अर्जंट केअर" नांवाचे लहान दवाखाने असतात. तेथें काम लवकर होतें आणि पैसा इस्पितळाच्या तातडीच्या विभागाच्या मानानें पुष्कळच कमी लागतो. मात्र टेक्सससारख्या राज्यांत दिसावयास अगदीं अशाच, दुकानांच्या रांगेंत बसलेल्या जागा असतात, आणि त्यांच्या पाटीवर "इमर्जन्सी" हा शब्द असतो. त्या पाटीखालून आंत पाऊल टाकलें, कीं दर इस्पितळाचा लागतो. म्हणून पोंचल्यावर पहिल्या आठवड्यांतच मुलानें किंवा सुनेनें आईवडिलांना बरोबर नेऊन जवळचा अर्जंट केअर दवाखाना कोणता आणि विमा कंपनीच्या यादींतील इस्पितळ कोणतें, हें दाखवून ठेवावें. नायगारा पाहण्याआधीं हें पाहिलेलें बरें.

पैशाच्या या भीतीनें घडणारा अनर्थ मात्र पैशाहून मोठा आहे. न्यू जर्सींत लेकाकडे गेलेली आई रात्रीं छातींत भरून येतें तरी बोलत नाहीं. मुलाचें कर्ज आहे, घराचे हप्ते आहेत, शेजारच्या काकूंच्या जावयाला केवढें बिल आलें होतें तें तिनें ऐकलेलें असतें. आल्याचा तुकडा चघळून ती सकाळची वाट पाहते. वडील तर "पित्त झालें असेल" म्हणून स्वतःच निदान करून मोकळे होतात. छातीवर दडपण येणें, तोंड वांकडें होणें, एका बाजूचा हात लुळा पडणें, बोबडी वळणें, एकाएकीं श्वास कोंडणें, यांपैकीं कांहींही झालें तर विम्याचा कागदही शोधीत बसूं नये. ९११ हा क्रमांक फिरवावा. रुग्णवाहिका महाग पडते हें खरें, पण मोटारींत घालून स्वतः नेण्याचें धाडस करूं नये. १९८६ सालच्या एम्टाला या कायद्यानें, मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या, म्हणजे जवळजवळ सर्वच, इस्पितळांच्या तातडीच्या विभागांवर बंधन घातलें आहे, कीं दारीं आलेल्या कोणत्याही माणसाला तपासलेंच पाहिजे, आणि जीवावरचा धोका टळेपर्यंत उपचार केलेच पाहिजेत. तो नागरिक आहे कीं नाहीं, त्याच्यापाशीं पैसे आहेत कीं नाहींत, हें विचारण्यासाठीं तपासणी थांबवितां येत नाहीं. बिल येईल, मोठें येईल. पण तें मागाहून येईल, आणि मागाहून त्याच्याशीं झगडतां येतें.

शिवाय गप्प बसण्यानें पैसाही वांचत नाहीं. अमेरिकेंत मिळणाऱ्या पाहुण्यांच्या विम्यांत, आधींपासून असलेल्या रक्तदाबासारख्या विकारानें एकाएकीं उचल खाल्ली तर तेवढ्यापुरता खर्च देण्याचें एक कलम पुष्कळदां असतें. त्याला वयाची मर्यादा असते, आणि लक्षण सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आंत उपचार सुरू झाले पाहिजेत अशी अट बहुधा घातलेली असते. आल्याचा तुकडा चघळीत काढलेली एक रात्र आणि सूनबाईला त्रास नको म्हणून काढलेला एक दिवस, एवढ्यानें हें कलम हातचें जाऊं शकतें.

विम्याविषयीं आणखी थोडें सांगितलें पाहिजे, कारण घरोघर घोटाळा होतो तो येथेंच. पॉलिसीच्या माथ्यावर एक लाख डॉलर असा ठळक आंकडा असतो आणि तो पाहून सर्वजण निश्चिंत होतात. परंतु पॉलिसींचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारांत दर दिवसाच्या खोलीला इतके, डॉक्टरांच्या भेटीला इतके, शस्त्रक्रियेला इतके, अशी प्रत्येक बाबीची रक्कम बांधलेली असते; बाकीचें सारें रुग्णाच्या अंगावर. हा विमा स्वस्त मिळतो, म्हणून मुलगे तोच घेतात. दुसऱ्या प्रकारांत पहिली ठराविक रक्कम रुग्णानें सोसावयाची आणि त्यावरील खर्चाचा बहुतेक भाग मर्यादेपर्यंत कंपनीनें द्यावयाचा, अशी योजना असते. त्यांत कंपनीशीं करार असलेल्या इस्पितळांचें जाळें असेल, तर चार्जमास्टरचा दर न लागतां करारांतील दर लागतो. विम्याचा खरा फायदा पुष्कळदां या दुसऱ्या गोष्टींतच असतो. भारतांत घेतलेल्या पॉलिसींतही साठीनंतरच्या प्रवाशांना बाबवार मर्यादा लावलेल्या असतात, त्या वाचाव्या. आणि मधुमेह, रक्तदाब, पूर्वीं झालेली अँजिओप्लास्टी, हें अर्जांत लपवूं नये. हप्ता चार पैशांनीं कमी पडावा म्हणून केलेली ही चतुराई नेमकी खर्चाच्या वेळीं उघडी पडते, आणि कंपनीला पैसे नाकारावयास आयतें निमित्त मिळतें.

इस्पितळाच्या खिडकीपाशीं कांहीं कागदांवर सह्या मागतात. घाबरलेला मुलगा न वाचतां सही करतो, आणि त्यांत पुष्कळदां खर्चाची हमी आपण घेत आहोंत असें वाक्य असतें. सज्ञान आईवडिलांचें देणें साधारणतः मुलाचें देणें होत नाहीं. हमीची सही केली कीं होतें. पेन्सिल्वेनियासारख्या कांहीं राज्यांत आईबापांच्या खर्चाची जबाबदारी मुलांवर टाकणारे कायदेही आहेत, ती गोष्ट वेगळी. उपचारांस संमति देणें आणि पैशाची हमी देणें यांतील फरक ओळखून सही करावी. उपचार त्यामुळें अडत नाहींत.

बिल हातीं आल्यावर लगेच कार्ड काढूं नये. प्रथम बाबवार तपशील मागावा. "औषधें इतकीं, प्रयोगशाळा इतकी" असा गोळाबेरीज कागद चालत नाहीं. न घेतलेलीं औषधें, दोनदां लावलेली एकच तपासणी, सुटका झाल्यानंतरच्या दिवसाचें भाडें, अशा चुका तपशिलांतच सांपडतात. मग रोखीचा दर मागावा. फेअर हेल्थ या ना-नफा संस्थेनें गांवोगांवच्या चालू दरांची माहिती लोकांसाठीं खुली ठेवली आहे, मेडिकेअरचे दरही जाहीर असतात. ते पाहून, आपण इतके देऊं शकतों, असें लेखी कळवावें. जो मनुष्य मंडईंत दोन रुपयांसाठीं दहा मिनिटें हुज्जत घालतो, तो हजारों डॉलरांच्या कागदापुढें कां विरघळतो, हें एक कोडेंच आहे. त्याला वाटतें, हा छापील कागद आहे, यांत बदल कसा होईल? वस्तुतः कचेरींतल्या माणसांना अशा पत्रांची रोजची सवय असते. हप्ते बांधून मागतां येतात, आणि एकरकमी देणाऱ्याला पुष्कळ ठिकाणीं अधिक सूट मिळते.

अमेरिकेंतील निम्म्याहून अधिक सार्वजनिक स्वरूपाचीं इस्पितळें ना-नफा तत्त्वावर चालतात आणि त्यांना करांत सवलत असते. त्या बदल्यांत २०१० सालच्या आरोग्य-कायद्यानें त्यांच्यावर एक बंधन आलें. गरजू रुग्णांना सवलत देण्याचें लेखी धोरण त्यांनीं ठेवलें पाहिजे. आणि जो त्या धोरणांत बसतो, त्याच्याकडून तातडीच्या व आवश्यक उपचारांसाठीं, विमा असणाऱ्यांकडून साधारणतः घेतात त्याहून अधिक पैसे घेतां येत नाहींत. अर्ज करावयास पहिल्या बिलापासून २४० दिवस मिळतात. पाहुण्यांना हें धोरण लागूं आहे कीं नाहीं, तें प्रत्येक इस्पितळाच्या नियमांवर अवलंबून असतें; पण निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या मराठी गृहस्थानें अर्ज न करतांच "आम्हांला कोण देणार" म्हणून बसावें, याला संकोच म्हणावें कीं आळस, हें ठरविणें कठीण आहे.

दुखणें तातडीचें नसेल तर काम सोपें आहे. १ जानेवारी २०२२ पासून लागूं झालेल्या नो सर्प्रायझेस या कायद्यानें, स्वतः पैसे भरणाऱ्या रुग्णाला ठरवून करावयाच्या उपचारांचा अंदाजपत्रकी खर्च आधीं लेखी देणें बंधनकारक केलें आहे. एखाद्या डॉक्टरचें वा इस्पितळाचें बिल त्यानेंच दिलेल्या अंदाजाहून ४०० डॉलरांनीं किंवा अधिक फुगलें, तर १२० दिवसांच्या आंत सरकारी लवादाकडे जातां येतें. रुग्णवाहिका या कायद्याच्या बाहेर आहे. अनपेक्षित बिलांपासून संरक्षण देणारीं त्याचीं मुख्य कलमें तेथल्या नेहमींच्या आरोग्यविम्यासाठीं आहेत, प्रवाशांच्या विम्याला तीं लागत नाहींत; हा गैरसमज शिकलेल्या मुलांतही आढळतो.

राहतां राहिले परतीच्या आधींचे कागद. डॉक्टरांचा अहवाल, तपासण्यांचे निकाल, बाबवार बिलें, भरलेल्या पैशांच्या पावत्या, आणि लक्षण केव्हां सुरू झालें याची नोंद, हें सारें विमानांत बसण्यापूर्वीं हातीं असावें; विमा कंपनी यांतील एकेक कागदासाठीं महिनेच्या महिने अडवून धरते. रुग्णाच्या माहितीच्या गुप्ततेविषयींचा तेथील १९९६ सालचा कायदा कडक आहे. म्हणून आईनें किंवा वडिलांनीं आपल्या बिलासंबंधीं मुलाशीं बोलावें असें अधिकारपत्र इस्पितळाच्या छापील नमुन्यावर सही करून देऊन ठेवावें. तें नसलें तर चार महिन्यांनीं विचारावयास गेलेल्या मुलाशीं कचेरी एक अक्षरही बोलणार नाहीं, आणि पुण्यांत बसलेल्या वडिलांना मध्यरात्रीं उठून, आपली जन्मतारीख व बिलाचा क्रमांक सांगत, अमेरिकेस दूरध्वनि करावा लागेल.